सिग्नल कुठं उतरतो?

उपग्रहाकडं संदेश पाठवणारा मॉडेम तळहातावर मावतो. मी ज्याच्यावर उमेदीची वर्षं घातली तो जेमतेम चार-साडेचार सेंटिमीटरचा चौकोन होता. एका वेळी 340 बाइट पाठवायचे, 270 बाइट घ्यायचे, एवढीच त्याची क्षमता. पण तेवढ्यात नौकेचा क्रमांक, अक्षांश-रेखांश, वेग, दिशा आणि ‘बुडतोय, मदत हवी’ हे सगळं बसून वर जागा उरते. किनाऱ्यापासून शंभर सागरी मैलांवर, जिथं मोबाइलचा मागमूस नसतो, तिथूनही हा संदेश काही सेकंदांत जमिनीवर पोहोचतो. हे मला तोंडपाठ होतं. हा मॉडेम भारतात नुसता जवळ बाळगायलाही परवाना लागतो, हे मात्र मी ऐकून सोडून दिलं होतं.

मी पुण्यात ट्रक आणि बसचे ट्रॅकर बनवण्याच्या धंद्यातून आलो. या ट्रॅकरमध्ये दोन कामं चालतात. जीपीएसचा भाग उपग्रहांचा आवाज फक्त ऐकतो, स्वतः वर काहीही पाठवत नाही. मिळालेली जागा कंपनीच्या सर्व्हरला कळवायचं काम सिम कार्ड करतं. ते सिम ज्या मोबाइल कंपनीचं, तिनं लहरींसाठी सरकारकडं पैसे भरलेले असतात, परवाना घेतलेला असतो, पोलिसांनी मागितली तर माहिती देण्याची तिची व्यवस्था असते. ट्रॅकर बनवणारा तिच्या परवान्याच्या सावलीत उभा असतो. इतकी वर्षं मी त्या सावलीत काम केलं आणि परवाना ही मोठ्या लोकांची भानगड आहे अशी समजूत करून घेतली. सिम काढून तिथं उपग्रहाचा मॉडेम बसवला की ती सावली जाते आणि आपण थेट कायद्याच्या उन्हात येतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सर्किटच्या आराखड्यात तो एक भाग बदलला, एवढंच मला दिसलं.

नौकांकडं मी वळलो ते ओखीमुळं. 30 नोव्हेंबर 2017 ला ते वादळ केरळ-तमिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळून गेलं, तेव्हा शेकडो नौका आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा निघाला तोवर त्या मोबाइलच्या टप्प्याबाहेर गेल्या होत्या. कित्येक माणसं परत आलीच नाहीत. वाऱ्यानं उत्तरेकडं ढकललेल्या नौकांपैकी 68 नौका देवगडला लागल्या, त्यांवर साडेनऊशेहून जास्त मच्छीमार होते. आपली माणसं कुठं आहेत हे त्यांच्या घरच्यांना दिवसेंदिवस कळलं नव्हतं. ती बातमी वाचून मी ठरवलं की नौकेवर बसेल असा उपग्रह ट्रॅकर बनवायचा. माझं आजोळ दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदरात ओळखी होत्या. इरादा चांगला होता, आणि इरादा चांगला असल्यामुळंच मी स्वतःला प्रश्न विचारायचं थांबवलं.

पहिले मॉडेम परदेशातून आले, माणसाच्या सामानातून. कोणाच्या, ते लिहीत नाही. त्या व्यक्तीला मी त्यातला धोका सांगितला नव्हता, हे लिहितो. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार असं यंत्र परवान्याशिवाय बाळगणं हाच गुन्हा होता. वापरणं पुढची गोष्ट. इंग्रजांच्या काळातला कायदा, कोण विचारतो, असं मी म्हणायचो. त्याच कायद्याखाली लोकांना विमानतळावर अडवून ठेवल्याच्या बातम्या पुढं अनेकदा आल्या. 2024 च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी प्रवाशाला सामानातल्या अशाच छोट्या यंत्रासाठी ताब्यात घेतलं गेलं. डोंगरात हरवलो तर मदत मागता यावी म्हणून गिर्यारोहक जगभर जे यंत्र खांद्याच्या पट्ट्याला अडकवून फिरतात, तेच ते. ती बातमी वाचताना मला त्या प्रवाशाच्या जागी माझं सामान वाहणारी व्यक्ती दिसली.

परवान्यासाठी दिल्लीला गेलो तेव्हा यंत्र तयार होतं, चाचण्या झाल्या होत्या. हा क्रमच उलटा होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: हा सिग्नल खाली कुठं उतरतो? मी उत्साहानं सांगितलं की इरिडियमच्या या जाळ्यात 66 उपग्रह आहेत, ते आपापसांत बोलतात, त्यामुळं अरबी समुद्रातून निघालेला संदेश भारतात उतरायची गरजच पडत नाही, एकाकडून दुसऱ्याकडं जात थेट अमेरिकेतल्या ॲरिझोनात उतरतो. हे त्या तंत्रज्ञानाचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य होतं. ते म्हणाले, “जी सेवा भारतात उतरतच नाही, तिचा परवाना तुम्हाला कोणत्या नावानं देऊ?”

बाहेर आल्यावर मी मित्राला, म्हणजे माझ्या भागीदाराला फोन करून सांगितलं की यांना तंत्रज्ञान कळत नाही. त्यांना ते पुरेपूर कळत होतं. उपग्रह सेवेचा परवाना यंत्र बनवणाऱ्याला मिळतच नाही. तो सेवा चालवणाऱ्या कंपनीनं घ्यायचा असतो, आणि तिनं जमिनीवरचं केंद्र, म्हणजे गेटवे, भारतात उभारावं लागतं. कारण न्यायालयाच्या किंवा सरकारच्या आदेशानं एखाद्या संदेशाचा माग काढायचा झाला तर तो जिथं उतरतो तिथंच काढता येतो. इनमारसॅट या उपग्रह कंपनीच्या सेवेसाठी गाझियाबादला बीएसएनएलचा गेटवे होता आणि 2017 पासून त्यावर सॅटेलाइट फोन दिले जात होते. कायदेशीर रस्ता तेवढाच होता. तो मी का घेतला नाही? इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एका जागी स्थिर असतात, हलणाऱ्या नौकेवर माझ्या छोट्या अँटेनाचं काम तिथं तितकं सहज होत नव्हतं, खर्च वाढत होता, आणि एकाच पुरवठादाराच्या हाती मान द्यायची मला भीती वाटत होती. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. पण निवड करताना मी आकार, वीज आणि दर एवढेच रकाने मांडले. ‘भारतात परवानगी आहे का’ हा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता.

हा नियम कुठून आला हे मी समजून घ्यायला हवं होतं, आणि मी तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर काम करत होतो. 26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईत आलेले दहा हल्लेखोर पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून, तिच्या तांडेलाला, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाला, मारून आले होते. मागं सोडलेल्या त्या नौकेवर सॅटेलाइट फोन आणि जीपीएस सापडलं. 2012 मध्ये नौवहन महासंचालनालयानं आपल्या पाण्यात थुराया आणि इरिडियम या उपग्रह सेवांच्या फोनच्या वापरावर बंदीचा आदेश काढला. ज्या मच्छीमारांना मी यंत्र विकायला निघालो होतो, त्यांच्याच एका तांडेलाचा जीव गेल्यानंतर हे नियम कडक झाले होते. मला ती फाइल अडवायची पद्धत वाटली.

त्या काळात मी एका अमेरिकी कंपनीच्या गोष्टीवर फार विसंबून राहिलो. स्वॉर्म टेक्नॉलॉजीज तिचं नाव. छोट्या यंत्रांचे छोटे संदेश वाहून नेण्यासाठी तिनं पुस्तकाएवढे उपग्रह बनवले. ते इतके लहान की जमिनीवरच्या रडारला त्यांचा माग ठेवता येईल का याची खात्री नाही, म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं परवानगी नाकारली. तरीही 12 जानेवारी 2018 ला श्रीहरिकोटाहून, आपल्याच पीएसएलव्ही-सी40 वरून, असे चार उपग्रह वर गेले. पुढं बोभाटा झाला, त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीनं 9 लाख डॉलर भरून तडजोड केली, आणि 2021 मध्ये स्पेसएक्सनं ती विकत घेतली. भागीदार म्हणायचा, “बघ, आधी करून दाखवलं म्हणूनच तर हे झालं.” मलाही ते पटायचं. त्या प्रकरणातून मी दंड भरून सुटता येतं एवढंच उचललं. नऊ लाख डॉलर भरण्याची ऐपत, उत्तम वकील, आणि नंतर रीतसर परवाना द्यायला तयार असलेली नियामक संस्था या तीन गोष्टी त्यांच्यापाशी होत्या, माझ्यापाशी एकही नव्हती. शिवाय त्यांच्या चुकीनं जोखीम वाढली ती अवकाशातल्या वस्तूंची. माझ्या चुकीनं कोणाची वाढणार होती, याकडं मी पाहिलं नाही.

आता पैशांचं सांगतो, कारण त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. नौका वर ओढलेल्या असतात, डागडुजी, रंग, जाळी, इंजिनचं काम आणि नव्या हंगामासाठी खलाशांना द्यायची उचल, असा सगळा खर्च याच दोन महिन्यांत येतो आणि आवक शून्य असते. मालक मंडळी बंदरात निवांत भेटतात म्हणून मी नेमकं हेच दिवस धरून गेलो. यंत्र दाखवलं, नकाशावर हलणारा ठिपका दाखवला आणि आगाऊ रकमा घेतल्या. नारळी पौर्णिमेनंतर नौका बाहेर पडतील तेव्हा प्रत्येकीवर यंत्र असेल, असा शब्द दिला. परवान्याचं कोणी विचारलं की सांगायचो, काम चालू आहे. अर्ज केला होता, म्हणजे काम चालूच होतं. आणि त्याला होकार येण्याचं कुठलंही चिन्ह नव्हतं हे मला ठाऊक होतं. पुढं मागवलेले मॉडेम कस्टममध्ये अडले तेव्हा ‘माल कस्टममध्ये अडकलाय’ एवढंच मी बंदरात सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं की कागदपत्रांची नेहमीची दिरंगाई आहे. आयात करायची परवानगीच नसलेला माल मी मागवला होता, हे सांगितलं नाही.

त्याच्याही आधी एक नमुना मी एका नौकेवर बसवून समुद्रात पाठवला होता. ठिपका पडद्यावर दिसला, रात्रभर दिसत राहिला, आणि मला इतका आनंद झाला की तांडेलाला आपण नेमकं काय दिलंय हा विचारही मनात आला नाही. त्याला वाटलं, ट्रकवर असतं तसलं काहीतरी असेल. माझ्याकडूनच त्याला ते तसं कळलं होतं.

खरं काय ते त्याला मच्छीमार सोसायटीतल्या एका माणसाकडून समजलं. तो माझ्यावर चिडला नाही. जाळ्याचं काम करता करता त्यानं विचारलं, “साहेब, तटरक्षक दलाची बोट आडवी आली असती आणि ही डबी त्यांना गावली असती, तर त्यांनी कोणाला धरलं असतं? तुम्ही पुण्यात. नौकेवर मी आणि पोरं.”

मला उत्तर देता आलं नाही. आजही त्याचं उत्तर एकच आहे, त्यांनी त्यालाच धरलं असतं. सुरक्षेच्या बाबतीत संवेदनशील असलेल्या पाण्यात, विनापरवाना उपग्रह यंत्रासह सापडलेला तांडेल. मी नंतर कागद घेऊन धावत गेलो असतो, पण तोवर त्याचा हंगाम, कदाचित त्याहून बरंच काही गेलं असतं. जीव वाचवायचं यंत्र म्हणून मी त्याच्या नौकेवर त्याला अटक होईल अशी वस्तू ठेवली होती. तंत्रज्ञानात नियम मोडणाऱ्यांचं धाडस म्हणून जे कौतुक होतं, त्यात हा भाग कुठंच येत नाही. नियम मोडायचा निर्णय एकजण घेतो आणि यंत्र दुसऱ्याच्या हातात असतं.

रकमा मी परत केल्या. त्यासाठी पुण्यातला ट्रकचा धंदा विकावा लागला, भागीदारी तुटली. सगळ्यांना वेळेवर देता आल्या नाहीत. काहींना पुढच्या बंदीच्या महिन्यांपर्यंत थांबावं लागलं, आणि त्या महिन्यांत पैशाचं मोल काय असतं हे तोवर मला कळलं होतं.

स्पर्धेचा अंदाज चुकला तो आणखी वेगळ्या तऱ्हेनं. मी गुंतवणूकदारांसाठी परदेशी यंत्रांचे तक्ते करायचो, 2007 ला बाजारात आलेलं स्पॉट, 2011 चं इनरीच, त्यांची वर्गणी, बॅटरी. यातलं एकही भारतात नियमानं विकता येत नव्हतं, म्हणून मैदान मोकळं आहे असं मी सांगायचो. जे कुंपण त्यांना होतं तेच मलाही होतं. आणि हर्णैत माझी गाठ या यंत्रांशी नव्हतीच. नौका जवळपासच्या नौकांशी वायरलेसवर बोलतात, थव्यानं राहतात, एकीचं इंजिन बिघडलं तर दुसरी ओढून आणते. ही व्यवस्था अपुरी आहे, पण फुकट आहे आणि विश्वासाची आहे. दुसरी अडचण ट्रॅकिंगचीच. मालकाला नौका कुठं आहे हे हवं असतं, डिझेलचा हिशोब लागतो. तांडेलाला ते नको असतं. मासा कुठं लागला ही त्याची कमाई असते, ती जागा तो शेजारच्या नौकेलाही सांगत नाही, मग ती दर पंधरा मिनिटांनी पुण्यातल्या माझ्या सर्व्हरवर का यावी? मी मालकांशी बोललो, तांडेलांशी बोललो नाही. यंत्र चालू ठेवायचं की नाही, हे मात्र समुद्रात तांडेलच ठरवणार होता.

ओखीच्या वेळी नेमकं काय कमी पडलं होतं, हे मी पुन्हा तपासलं असतं तर कदाचित यातलं काहीच झालं नसतं. जे आधीच समुद्रात होते त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचला नव्हता. त्यांना आधी ऐकायची सोय हवी होती, बोलायची नंतर. ओखीनंतर लगेच केरळ-तमिळनाडूत भारताच्या ‘नाविक’ या दिशादर्शक उपग्रहांवरून संदेश घेणाऱ्या यंत्रांच्या चाचण्या सुरू झाल्या. ऑक्टोबर 2019 मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचे इशारे ‘गगन’ या भारतीय दिशादर्शक प्रणालीच्या उपग्रहांवरून घेऊन ते ब्लूटूथनं मच्छीमाराच्या मोबाइलवर दाखवतं. संदेश फक्त घ्यायचा, तोही आपल्याच उपग्रहाकडून. वर काही पाठवायचंच नाही. ज्या अडथळ्यावर मी डोकं आपटत होतो तो या रस्त्यावर नव्हता. मी बंदरात सांगत फिरायचो की एकेरी यंत्र काय कामाचं, त्यावर मदत मागता येत नाही. हे अर्धं खरं होतं आणि उरलेल्या अर्ध्यासाठी माझ्याकडं संयम नव्हता. ती यंत्रं स्थानिक भाषेत समजावणं, बसवणं, दुरुस्त करणं, एवढं काम मी तेव्हा नियमात राहून करू शकलो असतो.

आता सरकारबद्दल. माझ्या चुका माझ्या आहेत, पण त्यामुळं ही व्यवस्था ठीक आहे असं मी म्हणणार नाही. सुरक्षेची काळजी खरी आहे. तिचं उत्तर म्हणून वर्षानुवर्षं नुसतं दार बंद ठेवलं गेलं, हे मात्र चूक आहे. कमी बाइटच्या उपग्रह संदेशांसाठी परवान्याची चौकट हवी, अशी शिफारस ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं ऑगस्ट 2021 मध्ये केली होती. त्यानंतर ज्यांच्या परवान्यांची चर्चा झाली त्या भारतीच्या साथीची वनवेब, जिओ आणि जून 2025 मध्ये परवाना मिळालेली स्टारलिंक, या सगळ्या कंपन्यांचा मुख्य धंदा वेगवान इंटरनेटचा. ते यायला हवंच. पण नौकेवरच्या तांडेलाला चित्रपट बघायचा नसतो. त्याच्या 340 बाइटना या धंद्यात वाली नाही.

सरकारनं मात्र एक दार उघडलं. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्या कार्यक्रमात, एक लाख नौकांवर इस्रोनं विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवायची योजना पंतप्रधानांनी सुरू केली. खर्च सुमारे 360 कोटी रुपये, मच्छीमाराला यंत्र मोफत, दोन्ही बाजूंनी संदेश, सिग्नल भारताच्याच उपग्रहावरून भारतातच उतरणारा. दिल्लीतल्या त्या प्रश्नाचं हे सरळ उत्तर आहे, आणि मी ज्यासाठी धडपडत होतो ते यात होतं आहे याचा मला मनापासून आनंद आहे. माझा धंदा याच्यापुढं टिकलाच नसता, तेही ठीक. काळजी वाटते ती यापुढची. मोफत यंत्र देणारा एकच असला की बिघडलेलं यंत्र कोणाकडं न्यायचं हा प्रश्न उरतो. खारं पाणी कुठल्याही डबीला सोडत नाही, अँटेनाचे सांधे हंगामाभरात गंजतात. दुसरा पुरवठादार असता तर त्याच्याकडं जाता आलं असतं. म्हणून मी म्हणतो की इस्रोच्याच उपग्रहावर चालणारी यंत्रं बनवायला, विकायला आणि दुरुस्त करायला छोट्या कारखानदारांना खुला आणि स्वस्त परवाना द्यावा. सिग्नल देशातच उतरतो, मग सुरक्षेची हरकत उरत नाही, आणि किनाऱ्यावर चार दुकानं झाली की सेवा आपोआप सुधारते. तांडेलाच्या जागेची माहिती कोण पाहू शकतं आणि ती किती दिवस ठेवली जाते, हेही त्या परवान्यातच स्पष्ट लिहिलेलं असावं.

गेल्या बंदीच्या महिन्यांत काही तांडेलांनी मला या मागण्यांचा अर्ज लिहून मागितला. माझ्याकडून यंत्र घेऊन गेलेला तांडेलही त्यांत होता. मसुदा मी त्यांच्यासमोर वाचून दाखवला. त्यात त्यानं दोन दुरुस्त्या सुचवल्या: बिघडलेलं यंत्र बंदरातच, दोन दिवसांत बदलून मिळावं; आणि बदललेल्या प्रत्येक यंत्रासोबत ते बाळगायची परवानगी असल्याचा कागद मराठीत, तांडेलाच्या नावानं, नौकेवर ठेवायला द्यावा. दुसरी दुरुस्ती मी अर्जात पहिल्या क्रमांकावर घेतली आहे.